गायरानाच्या डोंगरावर एकाच जातीची झाडे का लावू नयेत?

हा प्रश्न दिंडोरी तालुक्यातील एका गावातून आला आहे. विचारणारे बहुतेक जण द्राक्ष आणि कांदा पिकवणारे तरुण शेतकरी आहेत. गावाच्या मागे गायरानाचा डोंगर आहे. पावसाळ्यात त्यावर गवत असते, उन्हाळ्यात तो करडा आणि उघडा दिसतो. तो हिरवा करायचा असे ग्रामसभेत ठरले आहे. रोपवाटिकेत गिरिपुष्पाची, म्हणजे आपण उंदीरमारी म्हणतो त्या झाडाची रोपे हवी तेवढी आणि स्वस्तात मिळतात, ती झपाट्याने वाढतात आणि जनावरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. मग सगळा डोंगर याच एका झाडाने भरला तर बिघडते कुठे, आणि वनस्पतींची विविधता जपा असे जे सगळीकडे सांगितले जाते त्याचा आमच्या गावाला नेमका उपयोग काय, असे त्यांनी विचारले आहे.

मी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले असून नाशिक जिल्ह्यातील डोंगरांवर स्थानिक झाडांचे बी गोळा करणे, रोपे तयार करणे आणि ती जगवणे हे काम आजही करत आहे. माझे उत्तर आधीच स्पष्ट सांगतो. एकच जात लावू नका. आणि कोणतेही झाड लावण्याआधी त्या डोंगरावर आज काय उगवते ते किमान एक पावसाळा नीट पाहा, कारण ज्या डोंगराला तुम्ही उघडा म्हणता तो रिकामा असण्याची शक्यता फार कमी आहे.

आपल्या जिल्ह्याची रचना समजून घेतली की ही गोष्ट लवकर पटते. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला येवला-नांदगावकडे तो पाचशेच्या आसपास येऊन ठेपतो. एवढ्या कमी अंतरात पावसात एवढा फरक असल्यामुळे एकाच जिल्ह्यात घाटमाथ्यावरचे दाट निमसदाहरित जंगल, पेठ-सुरगाण्याकडचे साग-ऐनाचे पानगळीचे रान, मधल्या पट्ट्यातील खुरटी झाडे आणि गवताचे उतार, आणि पूर्वेकडचे बाभूळ, हिवर व बोरींचे काटेरी माळ असे सगळे प्रकार आपल्याला मिळाले आहेत. पश्चिम घाटात सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ७,४०० जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतील अनेक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. दिंडोरी तालुका या उतरंडीच्या मधोमध येतो. पश्चिमेकडची काही झाडे इथपर्यंत पोहोचतात, पूर्वेकडची काही इथून सुरू होतात, आणि म्हणून तुमच्या डोंगराच्या दोन बाजूंनाही वेगवेगळ्या वनस्पती आढळतील. घळीतली, कड्याखालची आणि माथ्यावरची वनस्पती एकसारखी नसते. जिथे निसर्गानेच एवढे तपशील सांभाळले आहेत तिथे सगळीकडे एकच रोप खोचणे म्हणजे जमीन न पाहता पेरणी करणे आहे.

आता त्या गवताविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण वृक्षारोपणाच्या चर्चेत सर्वांत जास्त अन्याय गवतावर होतो. पोळ्याच्या सुमारास डोंगराच्या उतारावर एखादी जागा निवडून गुडघे टेकून बसा आणि हातभर लांब, हातभर रुंद एवढाच तुकडा पाहा. वरून एकच हिरवा पट्टा दिसत होता तिथे शेडा, पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी निरनिराळी गवते दिसू लागतील. कुणाची पेरे केसाळ, कुणाच्या पानाला चुरगळल्यावर वास, कुणाच्या बियांना पीळ पडलेले कुसळ. त्यांच्या बुंध्याशी कवल्याची पिवळी फुले, तेरड्याची रोपे, एखादी जमिनीलगत पसरलेली द्विदल वेल, आणि खडकाच्या ओल्या कपारीत हरिता व नेचे सापडतील. द्विदल वनस्पतींची मुळे हलक्या हाताने उकरली तर त्यांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र वनस्पतींना वापरता येईल अशा रूपात आणतात, आणि ती मुळे कुजली की शेजारच्या गवताला तो मिळतो. गवताची तंतुमय मुळे वरच्या थरातील माती घट्ट धरून ठेवतात आणि दरवर्षी त्यांतला काही भाग कुजून जमिनीत सेंद्रिय कर्ब साठतो. हा कर्ब जमिनीखाली असल्यामुळे वरून वणवा गेला तरी त्याचा बराच भाग टिकून राहतो. आपल्या डोंगरांवर माती मुळातच वीतभर, खाली काळा कातळ. ही वीतभर माती जुलैच्या मुसळधार पावसात डोंगरावर थांबते ती मुख्यतः या मुळांमुळे.

गवतात राहणारे जीवही वेगळे असतात. चंडोल जमिनीवर घरटे करतो, तित्तिर आणि लावे गवतात लपतात. येवला तालुक्यातील ममदापूरच्या संवर्धन राखीव क्षेत्रातील काळवीट मोकळ्या माळावर जगतात, कारण दूरवर पाहणे आणि वेगाने पळणे हेच त्यांचे संरक्षण आहे. अशा माळावर दाट झाडे लावली तर काळवीट तिथे राहू शकत नाहीत. मोकळा गवताळ माळ हा झाडे लावायची राहून गेलेली जागा नाही, तो स्वतःच एक पूर्ण अधिवास आहे, हे एकदा मान्य केले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

माथ्यावरच्या सपाट खडकांवर, ज्यांना आपण सडे म्हणतो, तिथे तर याहून नाजूक जग आहे. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर कंदिलपुष्पाची एक जात आहे. सेरोपेजिया या प्रजातीतील ही वनस्पती अंजनेरीवरूनच शास्त्राला पहिल्यांदा माहीत झाली आणि तिच्या शास्त्रीय नावात अंजनेरीचे नाव आहे. या गटातल्या वनस्पतींना गावाकडे खरपुडी म्हणतात आणि त्यांचे कंद गुराखी मुले पूर्वीपासून खोदून खातात. हिचे फूल जवळून पाहण्यासारखे असते. खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी आणि वर पाकळ्यांची जाळीदार टोके एकत्र आलेली, असा तो छोटा कंदील दिसतो. नळीच्या आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. वासाने आकर्षित झालेली चिमुकली माशी आत उतरते, पण केसांमुळे तिला वर येता येत नाही. तळाशी धडपडताना परागपिंड तिच्या अंगाला चिकटतात. काही काळाने फुलातले केस कोमेजतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते. एवढी सगळी व्यवस्था ज्या वनस्पतीसाठी आहे ती पावसाळ्याचे तीन-चार महिने जमिनीवर दिसते आणि उरलेले वर्ष कंदाच्या रूपाने कातळावरच्या मूठभर मातीत झोपलेली असते. उन्हाळ्यात त्या जागी गेलेल्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही. तो म्हणतो, जागा मोकळी आहे, खड्डे घ्या. आणि खड्डा नेमका तिथेच घेतला जातो, कारण कातळावर माती साठलेली तेवढीच जागा असते. चुकून कंद वाचला तरी पुढे झाडाच्या दाट सावलीत तो तग धरत नाही. तुमच्या डोंगरावर हीच जात सापडेल असे मी म्हणत नाही, पण तिची भावंडे, जमिनीवर उगवणारी आमरे (ऑर्किड), सीतेची आसवे आणि गेंद यांसारख्या पावसाळी वनस्पती जिल्ह्यातील अनेक सड्यांवर आहेत. सीतेच्या आसवांच्या जमिनीखालच्या तंतूंना बारीक फुगे असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात, कारण त्या पातळ मातीत नत्र फार कमी असतो. अशा ठिकाणी शेणखत घालून झाड लावणे म्हणजे त्या वनस्पती जिच्यामुळे टिकून आहेत ती परिस्थितीच बदलून टाकणे होय.

तुम्ही उपयोग विचारला आहे, म्हणून आता थेट कांद्याच्या बियाण्याकडे येतो. डोंगळे लावून गोंडे धरणाऱ्या शेतकऱ्याला मधमाशीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. कांद्याच्या एकेका फुलात आधी पराग बाहेर पडतात आणि त्याच फुलातील स्त्रीकेसर नंतर परागधारणेला तयार होते, त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर कुणीतरी नेऊन पोहोचवावे लागतात. हे काम मुख्यतः मधमाश्या आणि इतर कीटक करतात. मधमाश्या कमी आल्या की गोंडा भरदार दिसतो, पण बी पोचट राहते. कांद्याच्या गोंड्यांचा फुलोरा टिकतो महिनाभर आणि आग्या, सातेरी, फुलोरी, पोया या आपल्या माश्यांना पोट असते बारा महिने. उरलेल्या अकरा महिन्यांचे त्यांचे अन्न कुठून येते? ते तुमच्या डोंगरावरून, बांधावरून आणि ओढ्याकाठून येते. हिवाळा सरता सरता धायटीची लाल फुले येतात, त्यामागोमाग पळस, काटेसावर आणि पांगारा फुलतात, मग करंज, मोह, जांभूळ आणि बहावा, पावसाच्या तोंडावर ऐन, पावसाळ्यात शेकडो रानफुले, पावसाळा संपताना बोरी, सोनकी आणि शेतातली खुरासणी. घाटमाथ्याकडच्या कारवीचे तर वेगळेच आहे. ती सात-आठ वर्षांतून एकदा एकगठ्ठा फुलते आणि त्या वर्षी मधमाश्यांची चंगळ असते. या साखळीत एक जात गेली तर माशी शेजारच्या जातीवर निभावते. पण लागोपाठ फुलणाऱ्या तीन-चार जाती गेल्या तर मधला महिना उपाशी जातो आणि मोहोळ उठते किंवा संपते. न्यायाने सांगायचे तर गिरिपुष्पाच्या फुलांवरही माश्या येतात. मात्र तो बहर उन्हाळ्याच्या तोंडाशी काही आठवडे असतो, आणि डोंगरभर तेच झाड असेल तर आधी आणि नंतर काहीच नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत हाच हिशोब उंबर, वड, पिंपळ, पिंपरी या झाडांनी सांभाळला आहे. उंबराचे जे फळ आपण पाहतो त्याच्या आत शेकडो बारीक फुले असतात. डोळ्यासारख्या बारीक छिद्रातून एक मादी गांधीलमाशी, जेमतेम दोन मिलिमीटरची, आत शिरते. शिरताना बहुतेक वेळा तिचे पंख गळून पडतात. ती आतल्या फुलांवर पराग पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे तिची नवी पिढी आतच वाढते, नर फळाच्या सालीला भोक पाडतात आणि पराग घेऊन माद्या बाहेर उडतात. या माद्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असते, आणि तेवढ्या वेळात त्यांना योग्य अवस्थेतले फळ असलेला दुसरा उंबर सापडावा लागतो. म्हणून परिसरातील उंबर एकाच वेळी फळत नाहीत, वर्षभर कुठे ना कुठे एखाद्या झाडावर फळे असतातच. इतर झाडांना फळे नसतात त्या दिवसांत हरियाल, बुलबुल, तांबट, राखी धनेश, वटवाघळे आणि उदमांजर यांना उंबर आणि त्याचे भाऊबंद जगवतात. याच प्राण्यांच्या पोटातून जांभूळ, करवंद, भोकर, बोर यांच्या बिया डोंगरभर जातात. एक उंबर तोडला तर त्याच्याबरोबर येणारे हे सगळे फुकटचे बी पेरणारेही कमी होतात. जुन्या देवरायांत उंबर आणि वड राखलेले दिसतात आणि त्यांच्याभोवतीच रान सर्वांत दाट असते, त्यामागचे कारण हेच आहे.

गिरिपुष्पाविषयी माझा राग नाही. ते मध्य अमेरिकेतून आलेले द्विदल झाड आहे. बांधावर लावून त्याचा पाला हिरवळीच्या खतासाठी शेतात घातला तर जमिनीला नत्र मिळतो, आणि तिथे ते जरूर असावे. डोंगरावर मात्र त्याचा दाट एकसुरी पट्टा झाला की त्याच्या सावलीत आणि पाल्याच्या थराखाली गवत विरळ होते, त्याच्या पानांवर जगणाऱ्या आपल्याकडच्या अळ्या फारच थोड्या, आणि त्याची शेंग पक्षी खात नाहीत. अळ्या नाहीत म्हणजे पिलांना भरवायला काही नाही, कारण दाणे खाणारे बहुतेक पक्षीसुद्धा पिलांना अळ्याच भरवतात. फुलपाखरांचे उदाहरण घ्या. रुईवर एका फुलपाखराची अळी वाढते, बहाव्यावर दुसऱ्याची, बेल आणि लिंबाच्या कुळातल्या झाडांवर तिसऱ्याची. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले राणी पाकोळी, ज्याला ब्लू मॉरमॉन म्हणतात, तेही या लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. बहुतेक अळ्या आपली ठरावीक झाडे सोडून दुसरे खात नाहीत. म्हणून डोंगरावर किती झाडे आहेत यापेक्षा किती जातींची आहेत, यावर तिथे किती प्रकारचे जीव राहतील हे ठरते. गुलमोहर, नीलमोहर, सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांनाही कमी-अधिक प्रमाणात हेच लागू आहे. शोभेसाठी रस्त्याकडेला त्यांना माझी हरकत नाही.

एकाच जातीचा दुसरा धोका दुष्काळात आणि रोगात उघड होतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे गवताळ जमिनीच्या लहान तुकड्यांवर दीर्घकाळ प्रयोग झाले आहेत. १९८७-८८ मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला तेव्हा ज्या तुकड्यांत वनस्पतींच्या जाती जास्त होत्या त्यांचे उत्पादन कमी घटले आणि ते लवकर सावरले, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कारण समजायला सोपे आहे. कुणाची मुळे उथळ, कुणाची खोल, कुणी लवकर पान टाकते, कुणी उशिरा फुटते. पाऊस ओढ देतो तेव्हा सगळ्यांवर सारखीच वेळ येत नाही.

द्राक्ष बागायतदारांना तर हे मी वेगळे सांगायची गरज नाही. तुमच्या बागेत वर थॉम्पसन असो की दुसरी कुठली जात, खाली खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम केलेले असते तो वेल, बहुधा डॉगरिजचा आहे. हा डॉगरिज अमेरिकेतील टेक्सासमधल्या रानवेलींतून निवडलेला आहे. त्याच्या फळाला बाजारात कुणी विचारणार नाही, पण पाणी कमी पडले किंवा जमीन-पाणी क्षारयुक्त झाले तरी तो तग धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उजाड केले तेव्हाही अखेरीस अमेरिकन रानवेलींच्या खुंटावर कलमे करूनच तिथली द्राक्षशेती वाचली. त्या रानवेली कुणी निरुपयोगी म्हणून आधीच साफ केल्या असत्या तर? आपल्या डोंगरातही रानहळद, रानकेळी, रानभेंडी, रानतूर अशी पिकांची जंगली भावंडे आहेत. भाताचेच पाहा. १९७०च्या दशकात आशियात भातावर खुजेपणा आणणारा एक विषाणू पसरला, तेव्हा हजारो वाण तपासल्यावर उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका जंगली भाताच्या नमुन्यात त्याला प्रतिकार सापडला आणि तो गुण पुढे लागवडीच्या वाणांत आणला गेला. कोणती वनस्पती कधी कामाला येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्याच राखाव्या लागतात.

पाण्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. जितकी झाडे जास्त तितके विहिरीला पाणी जास्त, असे सरसकट नसते. वेगाने वाढणारे झाड पाणीही वेगाने खेचते. तमिळनाडूतील निलगिरी डोंगरांवर गवताळ उतारांवर ब्लूगमची, म्हणजे निलगिरी झाडांची लागवड झाली तेव्हा त्या पाणलोटातून ओढ्यात येणारे पाणी घटल्याचे तिथल्या दीर्घकालीन मोजणीत दिसले. पाणी जिरते ते पावसाच्या थेंबाचा मार अनेक थरांत अडवला गेल्यावर: वर मोठे झाड, खाली झुडूप, त्याखाली गवत, आणि जमिनीवर पालापाचोळा. हे सगळे थर असले की पाणी हळू उतरते, मुळांच्या वाटांनी खाली जाते आणि कातळाच्या भेगांत पोहोचते. नुसते उंच झाड आणि खाली उघडी माती असेल तर पानांवरून ओघळणारे मोठे थेंब माती अधिकच उडवतात.

आता काय करावे ते सांगतो. या पावसाळ्यात झाडे लावू नका, नोंद करा. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या माहितीची वही, असणे अपेक्षित आहे. अनेक गावांत ती नोंदवही कपाटात पडून आहे, ती बाहेर काढा. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा चार वेळा डोंगर फिरा आणि बरोबर गावातील म्हातारी माणसे घ्या, विशेषतः गुरे राखणारे आणि रानभाजी आणणाऱ्या बाया. शेवळे कधी उगवते, करटुलीचा नर वेल आणि मादी वेल कसा ओळखायचा, कोळीभाजी कोणत्या उतारावर मिळते, चाईचा मोहोर कधी खुडायचा, फुलोऱ्यात आलेला वेल का तोडायचा नाही, हे त्यांना माहीत असते आणि त्यांतले पुष्कळसे कुठेही लिहिलेले नाही. ओळख पटत नसेल तर पान, फूल आणि फळ यांचे स्वच्छ फोटो काढून जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्रही आहे. दुर्मीळ वनस्पतीचा कंद उपटून मात्र कुणी नेऊ नये.

दुसरे काम वणवा आणि मोकाट चराई थांबवण्याचे आहे, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक यश यातच असते. चांगले गवत यावे म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटवण्याची सवय अजून अनेक ठिकाणी आहे. दरवर्षीच्या आगीत बियांतून आलेली कोवळी झाडे मरतात आणि कुसळीसारखी आग सोसणारी गवते तेवढी वाढतात. पावसाळा संपल्यावर डोंगराच्या कडेने गवत कापून जाळपट्टा करा. डोंगराचे तीन भाग करून आळीपाळीने एकेक भाग चराईला बंद ठेवा आणि बंद भागातले गवत कापून न्यायची मुभा द्या, म्हणजे गुरे असलेल्या कुटुंबांचे नुकसान होणार नाही. त्यांच्या संमतीशिवाय केलेली चराईबंदी टिकत नाही. असे दोन-तीन पावसाळे राखले की जुन्या खोडांतून पळस, धावडा, ऐन आपोआप फुटू लागतात. लावलेल्या रोपापेक्षा हे फुटवे जोमाने वाढतात, कारण त्यांची मुळे आधीच खाली पोहोचलेली असतात. याच काळात घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून येऊन रान व्यापणारी झुडपे फुलोऱ्यात येण्याआधी मुळासकट काढावी. गाजरगवताचेही तेच, आणि ते काढताना हातमोजे घालावेत. पिवळ्या-केशरी कॉसमॉसचे बी डोंगरावर शोभेसाठी टाकण्याची अलीकडे जी पद्धत पडली आहे ती कटाक्षाने टाळावी, कारण ते स्थानिक रानफुलांची जागा घेते.

त्यानंतरच लागवड, आणि तीही निवडक जागी. सडा आणि चांगले गवत असलेला उतार सोडून द्या. घळीत आणि नाल्याकाठी उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन. माती बरी आहे अशा उतारावर ऐन, धावडा, बेहडा, हेदू, शिवण, मोह, बहावा, तिवस. खडकाळ कोरड्या बाजूला सालई, खैर, पळस, काटेसावर, मेडशिंगी, पांगारा. मोठ्या झाडांच्या अधेमधे करवंद, मुरुडशेंग, धायटी, निरगुडी यांची झुडपे आणि गुळवेल, शतावरी, अनंतमूळ यांच्या वेली हव्यातच, त्या विसरल्या जातात. ओळीत समान अंतरावर खड्डे घेण्याऐवजी जिथे माती आहे तिथे चार-पाच जातींचे पुंजके लावा.

ही रोपे बाजारात सहज मिळणार नाहीत, म्हणून गावातच छोटी रोपवाटिका करावी लागेल. बी शक्य तो तुमच्याच तालुक्यातील, आणि एकाच झाडाचे न घेता वेगवेगळ्या आठ-दहा झाडांचे घ्या, नाहीतर जात एक आणि आईही एक अशी गत होते. जांभूळ आणि मोहाचे बी लगेच मरते, ते गोळा केल्यावर आठवड्याच्या आत पेरावे. बहाव्याच्या बीचे कवच कठीण असते, ते थोडे घासून किंवा कडक पाण्यात टाकून रात्रभर तसेच ठेवले की उगवते. धावड्याचे बहुतेक बी पोकळ असते, मूठभर पेरावे तेव्हा एखादे रोप येते, आणि रोपवाटिकांत धावडा दिसत नाही तो याचमुळे. त्यासाठी बंद केलेल्या भागात जुन्या धावड्यांभोवती आपोआप आलेली रोपे राखणे हाच खरा मार्ग आहे. रोपे पिशवीत एक पूर्ण वर्ष वाढवून दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. पहिले दोन उन्हाळे पंधरा दिवसांतून एकदा पाणी द्या आणि बुंध्याशी वाळलेल्या गवताचे आच्छादन ठेवा, फक्त जाळपट्टा आधी पक्का करा. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद करावे.

रोपवाटिकेतून गिरिपुष्पाची रोपे तुम्ही आधीच सांगून ठेवली असतील तर ती वाया घालवू नका. ती द्राक्षबागांच्या आणि कांद्याच्या शेतांच्या बांधावर लावा, दरवर्षी छाटा आणि पाला जमिनीत गाडा. नोंदवहीचे काम मृग लागल्यावर सुरू करा, आणि पहिल्या फेरीपासूनच गवतांसाठी वेगळी पाने ठेवा. फुले आल्याशिवाय गवत ओळखता येत नाही, म्हणून त्यांची मुख्य फेरी भाद्रपद-आश्विनात करावी लागेल.